लाईट जायची त्या दिवशी कावीळ उतरायची

तक्रारीच्या फॉर्मवर दोनच वाक्यं होती. ‘लाईट लागते. पावसात कावीळ उतरत नाही.’ खाली सिस्टरची सही आणि प्रसूतिगृहाचा गोल शिक्का. त्याखाली आमच्याच सर्व्हिस विभागाचा शेरा: यंत्र तपासले, दोष आढळला नाही, वापरातील चूक. तारीख फेब्रुवारी २०१८ ची.

हा कागद माझ्या टेबलावर आला तो मे महिन्यात, तोही चुकून, भलत्याच फाइलला टाचलेला. पुण्यातल्या एका लहानशा कंपनीत वैद्यकीय उपकरणांच्या डिझाइनमध्ये माझं ते बारावं वर्ष. गाव देवगड तालुक्यात, डिप्लोमा रत्नागिरीच्या शासकीय तंत्रनिकेतनात, डिग्री पुण्यात. शिक्क्यावरचं गाव मालवण आणि वेंगुर्ल्याच्या मधल्या पट्ट्यातलं निघालं म्हणून मी तो कागद वाचला. दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याचा असता तर टाचणी काढून परत पाठवला असता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी फार कर्तव्यदक्ष वाटण्याचा संभव आहे.

यंत्र म्हणजे नवजात बाळाच्या काविळीचा निळा दिवा. चाकांचा स्टँड, त्यावर आडवी पेटी, पेटीच्या तळाला निळे एलईडी, आत एलईडींची उष्णता ओढून घेणारा ॲल्युमिनियमचा हीटसिंक आणि त्यावर वारा घालणारा फॅन. एलईडींना मोजून वीज पुरवणारा ड्रायव्हर बोर्ड माझा. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, २००९ साली, मी एकट्याने केलेलं ते पहिलं काम.

कावीळ म्हटली की लोकांना मोठ्या माणसाची आठवते. बाळाचं प्रकरण वेगळं. जन्मानंतर जुन्या तांबड्या पेशी भराभर फुटतात, त्यातून बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य तयार होतं, आणि ते बाहेर टाकायला बाळाचं यकृत अजून सरावलेलं नसतं. दिवस भरून जन्मलेल्या दर १० बाळांमागे साधारण ६ जणांना ही कावीळ दिसते, अपुऱ्या दिवसांच्या बाळांत त्याहून जास्त. बहुतेकांची आपोआप जाते. पण पातळी फार चढली तर ते द्रव्य मेंदूत शिरतं, आणि मग ऐकू येणं जाऊ शकतं, हातापायांवरचा ताबा जाऊ शकतो, बाळही जाऊ शकतं. ४६० नॅनोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीचा निळा प्रकाश कातडीखालच्या बिलिरुबिनच्या रेणूचा आकार बदलतो, आणि बदललेला रेणू यकृताच्या नेहमीच्या प्रक्रियेची वाट न बघता पित्तावाटे, लघवीवाटे निघून जातो. थोडक्यात, इथे उजेड हेच औषध आणि त्यालाही मात्रा असते. चौरस सेंटिमीटरला, दर नॅनोमीटरला ३० मायक्रोवॅटच्या वर प्रकाश मिळाला तर त्याला जोरकस उपचार म्हणतात. अशा उजेडात २४ तासांत पातळी ३० ते ४० टक्के उतरू शकते. साध्या दिव्याखाली तेच ६ ते २० टक्के.

ही मात्रा डोळ्याला कळत नाही. ३० चा निळा आणि १३ चा निळा शेजारीशेजारी ठेवले तरच फरक जाणवेल, आणि वॉर्डात शेजारी ठेवायला दुसरा दिवा असतोच कुठे.

आमचा सर्व्हिसचा मुलगा फेब्रुवारीत गेला होता. त्याचा रिपोर्ट मी तीनदा वाचला. नेमून दिलेल्या ३५ सेंटिमीटर उंचीवर, उजेडाची मात्रा मोजणाऱ्या फ्लक्स मीटरने ३३ मोजलेले, सगळे एलईडी चालू, फॅन चालू, अर्थिंग ठीक. शिवाय ‘पेटी बाळापासून ५० सेंटिमीटरवर ठेवलेली आढळली’ अशी नोंद. तेवढ्यावर ‘वापरातील चूक’. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच लिहिलं असतं. फक्त एक गोष्ट खटकत होती. तक्रार पावसाळ्याची, आणि तपासणी फेब्रुवारीतली. दार पावसात चिकटून बसतं म्हणून सुताराला उन्हाळ्यात बोलावलं तर तो काय बघणार?

साहेबांकडे गेलो. ‘बंद झालेली तक्रार उकरायला कोण सांगतंय तुला?’ खरंच कोणी सांगत नव्हतं. वैद्यकीय उपकरणांचे २०१७ चे नियम १ जानेवारी २०१८ ला लागू झाले होते, पण सगळीच उपकरणं औषधाच्या व्याख्येत आली ती १ एप्रिल २०२० ला. तोपर्यंत आमच्या दिव्याचा हिशेब आमच्याच कपाटात होता. मी जुलैत चार दिवसांची रजा टाकली. गावी भातलावणीला जातो म्हणून सांगितलं, आणि एक दिवस खरंच गेलो.

वही

प्रसूतिगृह समुद्रापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर, एका ट्रस्टचं, एकमजली. बालरोगतज्ज्ञ मॅडम आठवड्यातून तीनदा यायच्या. बाकी सगळा भार एका सिस्टरवर, दोन नव्या मुलींवर आणि तीस वर्षं तिथेच काढलेल्या मावशींवर. मी पोचलो तेव्हा पावसाने समोरचं काही दिसत नव्हतं. सिस्टरनी ओळखपत्र बघितलं आणि म्हणाल्या, ‘परत चूक काढायला आलात?’

‘चूक बघायलाच आलोय. कुणाची ते ठरायचंय.’

‘मागच्या वेळी तो मुलगा दहा मिनिटं होता. चहापण नाही घेतला.’ मग माझ्या बोलण्यातलं काहीतरी त्यांच्या कानाला लागलं असावं. ‘तुमी खंयचे?’

‘देवगडचो.’

त्यानंतर बोलणं मालवणीत, आणि वही बाहेर आली.

कुठलंही यंत्र उघडण्याआधी मी आता अशी वही शोधतो, ती सवय त्या दिवसाची. दोनशे पानी, खाकी पुठ्ठ्याची, शाळेच्या दुकानातली. सिस्टर गेल्या दोन पावसाळ्यांपासून दिव्याखालच्या प्रत्येक बाळाची नोंद स्वतःच्या हाताने ठेवत होत्या: वजन, कितवा दिवस, बिलिरुबिन किती, किती तासांनी परत किती. शेवटच्या रकान्यात शेरा. ‘उतरली.’ ‘उतरली नाही.’ ‘बांबोळीला पाठवलं.’ तिथल्या माणसांना गोव्याचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयच शेवटचा आधार. आणि मधूनमधून त्याच रकान्यात आणखी दोन अक्षरं: ‘ला. गे.’

‘ह्या काय?’

सिस्टर जरा ओशाळल्या. उत्तर मावशींनी दिलं. ‘लाईट गेली. आम्ही गमतीन म्हणतो, लाईट गेली काय कावीळ उतरता. पण खरा आसा ता.’

वीज गेली की औषध बंद. औषध बंद पडलं की रोग बरा. कुठल्याही इंजिनिअरने ही गोष्ट हसण्यावारी नेली असती. मीही पहिल्यांदा हसलोच. मग पानं मोजत बसलो. जून ते सप्टेंबर, ज्या बाळांच्या ओळीत ‘ला. गे.’ होतं, त्यातल्या बहुतेकांपुढे ‘उतरली’ होतं. ज्यांच्या वाट्याला अखंड वीज आली ती बाळं रेंगाळली होती, दोन तर बांबोळीला गेली होती. ऑक्टोबरनंतर हा भेद पुसट होऊन जात होता. ओळी थोड्या होत्या, त्यावरून कोणी शोधनिबंध लिहू नये. पण एवढं दिसल्यावर दहा मिनिटांत उठून जाण्याची सोय राहिली नव्हती.

इथे एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. या उपचाराचा शोधच एका परिचारिकेच्या नजरेतून लागलाय. १९५६ च्या सुमाराला इंग्लंडमधल्या रोचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अंगणात कोवळ्या उन्हात नेत असत. एका बाळाच्या अंगावर उन्हातली कातडी फिकी आणि चादरीने झाकलेला कोपरा पिवळाधमक, हे त्यांनी डॉक्टरांना दाखवलं. पुढे खिडकीत राहून गेलेल्या रक्ताच्या नळीतलं बिलिरुबिनही उतरलेलं सापडलं, आणि १९५८ मध्ये क्रेमर आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये ते छापलं.

रात्र

त्या दिवशी दिव्याखाली एक बाळ होतं, मुलगी, चौथा दिवस, सकाळचं बिलिरुबिन १७.१. तिची आई तळकोकणातल्या रीतीप्रमाणे पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. आजी बाकावर जपमाळ घेऊन. मी फ्लक्स मीटर घेऊन कोपऱ्यात बसलो. बाळाला दर दोन-तीन तासांनी दूध पाजायला बाहेर काढायचे, तेवढ्यात गादीवर बाळाच्या पोटाच्या जागी मीटरचा डोळा ठेवायचा आणि आकडा टिपायचा. दूध नसेल तेव्हा गादीच्या कडेला ठेवून अंदाज.

मोजण्यापुरती पेटी ३५ सेंटिमीटरवर आणली. सुरू केल्यावर आठ वाजता ३१. नऊला २८. साडेदहाला २०. बाराला १५. दोन वाजता १३, आणि तिथेच स्थिर. बाहेर पाऊस, आत तोच निळा उजेड, डोळ्याला तसूभर फरक नाही. नेहमीच्या उंचीवर, म्हणजे ५० सेंटिमीटरवर नेऊन पाहिलं तर १३ चे ९ झाले.

आकडा खाली येताना दिसला तेव्हाच मला कळलं होतं काय होतंय ते. तरी पुढचे दोन तास मी फ्यूज, प्लग, व्होल्टेज असलं काहीबाही तपासत राहिलो. माणूस आपल्या घराचं दार सोडून बाकी सगळी दारं ठोठावतो तसं.

ते जे होत होतं ते माझ्या बोर्डाने, मी सांगितलं तसंच केलेलं होतं. २००९ मध्ये पहिल्या नमुन्यांचे एलईडी तापून लवकर मरत होते. मी ड्रायव्हरला उष्णतेचा सेन्सर जोडला. हीटसिंक ७५ अंशांवर गेला की करंट हळूहळू उतरवायचा, जितकं तापेल तितका कमी, थंड झाला की पुन्हा पूर्ण. दिवा मरत नाही आणि बंदही पडत नाही. सुरुवातीला मी त्यावर एक बझर ठेवला होता. ज्या वॉर्डात नमुना वापरायला दिला तिथल्या सिस्टर त्याला वैतागल्या: आधीच दहा यंत्रं किंचाळतात, त्यात हे अकरावं. बझर काढून टाकला. यंत्र गुपचूप स्वतःला सांभाळून घेणार, कुणाला त्रास नाही, याचं मला आणि कंपनीला भलतं कौतुक. त्या वर्षी पगारवाढ मिळाली ती याच्यावर.

मध्यरात्री तो दिवा स्वतःला सांभाळत होता, आणि त्याची किंमत खाली झोपलेली चार दिवसांची मुलगी देत होती.

पण एवढा तापत का होता? पेटीवर हात ठेवायला गेलो तर हाताला प्लास्टिक लागलं. निळं, जाड, होडीवर घालतात तसलं, चारी कोपऱ्यांना सुतळीने बांधलेलं. इतका वेळ समोर होतं आणि मी बघितलं नव्हतं. आमच्या डिझाइनमध्ये हवा आत घेणारी जाळी पेटीच्या डोक्यावर. प्लास्टिक बरोबर त्या जाळीवर.

‘ह्या कोणी बांधला?’

‘मिया,’ मावशी म्हणाल्या. ‘वरसून थेंब पडतत.’ वर बघितलं. स्लॅबला ओल आलेली, भोवती पोपडे, दर अर्ध्या मिनिटाला एक थेंब. ‘आगोटीक सगळा झाकूचा नाय काय?’

यावर मी काय बोलणार? मृगाच्या आधी आमच्या घरी पडवीला झापा बांधल्या जायच्या, लाकूडफाटा माळ्यावर चढायचा, खळ्यातली होती नव्हती ती वस्तू झाकली जायची. पावसाळ्यात किमती वस्तूवर काहीतरी घालणं ही कोकणात चूक धरत नाहीत, न घालणाऱ्याला बावळट म्हणतात. ‘हवेची जाळी झाकू नये’ हे वाक्य आमच्या माहितीपुस्तकाच्या चौदाव्या पानावर होतं, इंग्रजीत. माहितीपुस्तक मॅडमच्या कपाटात, किल्ली मॅडमच्या पर्समध्ये. आणि ते वाचता आलं असतं तरी विजेच्या यंत्रावर थेंब पडू द्यायचे की जाळी उघडी ठेवायची, या प्रश्नाचं उत्तर चौदाव्या पानावर नव्हतं.

‘ला. गे.’चा उलगडाही तिथेच झाला. वीज गेली की जनरेटर लावायचे, आणि जनरेटरचा पॉइंट एकच, खिडकीजवळच्या कोपऱ्यात. स्टँड ढकलत तिकडे न्यायचा. ढकलताना आड येतं म्हणून प्लास्टिक सोडून ठेवायचं. त्या कोपऱ्यात स्लॅब गळत नव्हता, त्यामुळे पुन्हा बांधायची घाई नाही. मधल्या वेळात हीटसिंकही निवलेला. यंत्र मोकळा श्वास घेऊन बराच जास्त उजेड द्यायला लागे, आणि बाळाची कावीळ उतरे. मावशींची गंमत शब्दशः खरी होती.

पहाटे तीनला मॅडमना फोन केला. प्लास्टिक काढलं, स्टँड खिडकीच्या कोपऱ्यात नेला, पेटी ३५ वर आणली, पाळण्याच्या बाजूंना पांढऱ्या चादरी टांगल्या, म्हणजे बाहेर सांडणारा उजेड परतून बाळावर पडतो. वर थेंब नव्हता. आकडा चढला, पण २४ वर अडकला. ३० च्या वर जाईना.

फॅन फिरत होता, पण रडत. कागदाची पट्टी त्याच्यासमोर धरली तर ती नुसती थरथरली, उडाली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, बाळ बाहेर असताना, पेटी उघडली. फॅनच्या बेअरिंगला तांबूस गंज, कनेक्टरच्या पिनांवर हिरवट बुरा, हीटसिंकच्या फटींत पांढरट थर. जिभेला लावायची गरज नव्हती, पण लावला. खारट.

याचं शास्त्र कोकणातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं म्हणून बरणीत तांदळाचे दाणे टाकतात. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळतं. समुद्रावरून वर्षभर उडत आलेलं मीठ उन्हाळ्यात धातूवर कोरडं, निरुपद्रवी बसून राहतं. जूनमध्ये त्याचं खारट पाणी होतं आणि मग ते धातू खातं. आमच्या पोराला फेब्रुवारीत काही दिसलं नाही ते म्हणूनच. यंत्राच्या चाचण्यांच्या यादीत उष्णता होती, आर्द्रता होती, धक्के होते, विजेची गळती होती. मिठाच्या फवाऱ्याची चाचणी अस्तित्वात आहे, जहाजांवरच्या आणि किनाऱ्यावरच्या उपकरणांना लावतात. रुग्णालयातल्या दिव्यावर ती करायला आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही कधी विचारलं नव्हतं. देवगडच्या माणसानेही नाही.

आणि फॅन मंदावलाय हे बोर्डाला कळत का नव्हतं? फॅन दोन तारांचा घेतला होता म्हणून. तिसरी तार असते ती फॅन किती वेगाने फिरतोय ते सांगते. नगामागे वीस-पंचवीस रुपये वाचले होते.

राहिली पेटीची उंची. तिला मोठं कारण नव्हतं. ३५ वर ठेवली की सिस्टरना वाकून बाळाचं काही करता येत नाही, आणि निळ्या उजेडात डोकं दुखतं. त्या वर करत, परत खाली करायला मोजपट्टी हाताशी नसे. मावशींनी त्याच दुपारी परकराची जुनी नाडी घेतली, माझ्याकडून ३५ सेंटिमीटर मोजून घेतले, गाठ मारली आणि पेटीला लोंबती बांधली. गाठ बाळाच्या अंगाशी आली की बरोबर. पुढच्या आवृत्तीत आम्ही तिथे घडीची दांडी दिली. नाडीइतकी सोपी ती आजही नाही.

पिशवीतला नवा फॅन बसवल्यावर आकडा ३२ वर गेला आणि रात्रभर तिथेच राहिला. मुलीचं बिलिरुबिन तिसऱ्या दिवशी सकाळी १२.४. आजीने माझ्या हातावर नारळ ठेवला. घेताना हात अवघडला.

रकाना

पुण्याला परतल्यावर मी पहिल्यांदा रिस्क फाइल काढली. वैद्यकीय उपकरणाला अशी फाइल असावीच लागते: काय काय बिघडू शकतं, त्याने रुग्णाला काय होईल, त्यावर उपाय काय. आयएसओ १४९७१ हे त्याचं मानक. त्यात एक गोष्ट स्पष्ट विचारलेली असते: तुम्ही जो उपाय केला, त्या उपायातून नवा धोका निर्माण होतो का? आमच्या तक्त्यात त्यासाठी शेवटचा रकाना होता. ‘एलईडी अति तापणे’ या ओळीत उपाय लिहिलेला: करंट आपोआप कमी करणे. शेवटच्या रकान्यात: ‘नाही.’ खाली सही, माझी, २००९ ची, त्या वयात करायचो तशी लांब शेपटाची.

‘नाही’ लिहायला मला किती वेळ लागला असेल? तीन सेकंद. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा, आणि माझ्या मनात धोका म्हणजे भाजणं, शॉक लागणं, आग. उजेड कमी पडणं हा मला यंत्राचा मवाळपणा वाटला होता. औषधाच्या कारखान्यात गोळी अर्धीच भरली गेली तर त्याला कोणी मवाळपणा म्हणेल का?

बैठक झाली. सहा जण, दोन तास, चहा दोनदा. फॅन, मीठ, जाळीची जागा यांवर फार वाद झाला नाही, ते सगळ्यांना पटलं. वाद झाला तो ‘वापरातील चूक’ या शब्दांवर. माझं म्हणणं, तक्रार पुन्हा उघडा आणि कारण ‘डिझाइन’ लिहा. साहेबांचं म्हणणं, प्लास्टिक त्यांनीच बांधलं ना? तेही खोटं नव्हतं. प्लास्टिक, मीठ आणि गप्प बसणारा बोर्ड, या तिघांतलं कोणी एक नसतं तर बाळांना इतका कमी उजेड मिळाला नसता. पण पहिल्या दोघांना आवर घालणं सिस्टरच्या हातात नव्हतं, आणि तिसरा माझ्या हातात होता. मी तेवढंच लावून धरलं. शेवटी शेरा बदलला. ‘डिझाइन आणि वापरस्थिती’, असा तडजोडीचा.

दुसऱ्या मुद्द्यावर मी हरलो. जुन्या यंत्रांना नवा बोर्ड आणि फॅन द्यायचा तो फक्त किनाऱ्यावरच्या, असं ठरलं. मी म्हणत होतो, सगळ्यांना द्या. घाटावर मीठ नसेल पण धूळ आहे, जाळीवर फाइली ठेवतात, फॅन तिथेही कधीतरी थकेल. हिशेब मांडला गेला, आकडा मोठा होता, विषय संपला. तेव्हा राजीनामा द्यायला हवा होता असं मला अधूनमधून वाटतं. दिला नाही. घराचा हप्ता होता.

नव्या पेटीत काय बदललं ते थोडक्यात. माथा सपाट होता तो उतरता केला, कौलारू घरासारखा, पुढे पागोळीला असते तशी कड काढून. थेंब पडला तर घरंगळून बाहेर, आणि वर काही ठेवलंच तर घसरून पडतं. जाळ्या कडेखाली, बाजूंना. फॅन तीन तारांचा. बोर्डावर आणि पिनांवर लेप. आणि बझर परत आला. करंट ठरलेल्याच्या ८० टक्क्यांखाली दहा मिनिटं राहिला की पिवळा दिवा, त्यानंतरही तसाच राहिला तर आवाज. आवाज किती मोठा, किती वेळाने, बंद करायची मुभा किती मिनिटांची, यावर मी चार महिने घालवले, बोर्डाला लागले होते त्याहून जास्त. उजेड मोजणारा सेन्सर पेटीतच बसवावा ही माझी मागणी मात्र खर्चाच्या कारणाने बाजूला राहिली. त्यामुळे एलईडी वयाने मंदावले तर यंत्राला आजही कळत नाही. वर्षातून एकदा फ्लक्स मीटरने मोजावंच लागतं.

डिझाइन प्रमुखाची जागा त्या डिसेंबरात रिकामी झाली, ती माझ्या हाताखालच्या मुलाला मिळाली. तो हुशार आहे, त्याचं काही नाही. मी सर्व्हिस विभागात बदली मागून घेतली: तक्रारी आधी वाचायच्या, जागेवर जाऊन रात्र काढायची आणि मग डिझाइनवाल्यांशी भांडायचं. ऑफिसात याला लोक ‘खाली आला’ म्हणतात. आई म्हणाली, ‘इतक्या शिकान पाना फिरवत गावोगाव फिरतलंस?’ मी म्हटलं, होय. निदान त्या निमित्ताने महिन्यातून एकदा घरी जेवतो.

बांबोळीला गेलेल्या दोन बाळांचा माग काढायचा प्रयत्न केला. एक मुलगा ठीक आहे, मॅडमकडे लशींना येत राहिला. दुसऱ्या बाळाच्या कानांची तपासणी करून घ्यायला सांगितलं होतं. कुटुंब मुंबईला गेलं. सिस्टरच्या वहीत त्या ओळीपुढचा रकाना रिकामा आहे.

नवी पेटी तिथे बसवली ती २०१९ च्या आगोटीला. स्लॅब अजून गळतच होता, ट्रस्टकडे पैसे नव्हते. मावशींनी पेटीच्या उतरत्या माथ्यावरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाल्या, ‘आता ह्या घरासारख्या दिसता.’ प्लास्टिक घडी करून त्यांनी स्वतःच्या घरी नेलं.

जुलैच्या मध्यात रात्री दीड वाजता फोन. सिस्टर. ‘तुमचो मशीन बोंबलता.’

मी उठून बसलो. पिवळा दिवा आहे का? आहे. फॅन फिरतोय? फिरतोय. वर प्लास्टिक? नाही. वर काहीच राहत नाही, माहीत आहे ना तुम्हाला. मग बाजूची जाळी बघा, कडेखाली हात घाला.

पलीकडे जरा खुडबुड झाली, कोणी तरी हसलं, आणि आवाज थांबला.

‘काय होता?’

‘दुपटी.’ पावसात चार चार दिवस कपडे वाळत नाहीत. बाळाच्या आजीने पेटीच्या बाजूने येणाऱ्या गरम हवेवर ओली दुपटी ओळीने लटकवली होती, एक इकडच्या जाळीवर, दोन तिकडच्या.

‘काढलास मां सगळी?’

‘काढलंय,’ सिस्टर म्हणाल्या. ‘पण आता दुपटी खंय सुकत घालू, ता पण तुमीच सांगा.’